दुपारची शिकवणी

अकराचा चहा आला तेव्हा पूनमने फोन स्टेपलरला टेकवून टेबलावर उभा केला आणि कानात काही न घालता शिकवणीचा भाग लावला. ऑफिसात त्या दोघीच होत्या. साहेब कुणा गिऱ्हाइकाकडे गेले होते, खाली पनवेलच्या बाजारात टेम्पोवाल्यांची रोजची भांडणं चालली होती, आणि क्रांती एका हार्डवेअरवाल्याची बिलं संगणकावर चढवत होती. पूनम नवीन होती. क्रांतीने केला तोच घरबसल्या हिशेबनिशीचा कोर्स तिने घेतला होता, क्रांतीनेच सांगितलं म्हणून. "तर अनंताने रोखीने माल विकला," फोनमधले सर म्हणाले. "कुठलं खातं नावे, कुठलं जमा? समजलं का? बोला." आणि ते थांबले. मुलांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून ते नेहमीच असे थांबायचे, तेवढ्या वेळात त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची. क्रांतीची बोटं कळांवर थांबली. कुणीतरी आता बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. कुणी बोललं नाही. सर पुढे म्हणाले, "बरोबर, रोकड खातं नावे," आणि जिना संपला असं समजून टाकलेला पाय एक पायरी खाली जावा तसं तिला झालं. "ताई, काय झालं?" पूनमने विचारलं. "काही नाही गं. चहा गार झाला," क्रांती म्हणाली आणि तो गार चहा तिने एका दमात पिऊन टाकला.

ते सर तिला पाठ होते. त्यांचा घसा खाकरणं, 'ताळेबंद' म्हणताना 'ता' लांबवणं, फळ्यावर खडू मोडला की स्वतःशीच हसणं, सगळं पाठ होतं. सख्ख्या भावाचा आवाज तिने इतका ऐकला नसेल. पण सरांचा आवाज एकटा असा तिच्या आठवणीत कुठेच नव्हता. त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज यायचा, खरखरीत, एका बाजूने घसरणारा, आणि तो आल्याशिवाय सरांना पुढे जायचा अधिकारच नव्हता. आज सर सरळ पुढे निघून गेले. हार्डवेअरवाल्याच्या बिलात तिने चुकीचा आकडा घातला, खोडला, पुन्हा तोच चुकीचा घातला.

कोर्सचं खोकं आलं तो दिवस तिला चांगला आठवतो. तिचं माहेर तळा गावाकडचं, भातशेतीचं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि उरणकडच्या या घरात लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यांनी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं की उरलेलं वर्ष पोरगी सासरी राहून पूर्ण करील. कोण नाही म्हणतंय, असं म्हणणाऱ्या घरात नाही म्हणायची गरजच पडत नाही. आधी आरोही झाली, मग दिराचं लग्न, मग घराचं बांधकाम, मग सासऱ्याचं आजारपण. या लोकांची मिठागरं बंदराच्या कामात केव्हाच गेलेली, बदल्यात मिळालं त्यातून नवऱ्याने, हरेश्वरने, ट्रेलर घेतला आणि तो कंटेनर ओढत पार गुजरातपर्यंत जाऊ लागला. आरोही नवी मुंबईत होस्टेलवर राहायला गेली तेव्हा क्रांतीला एकदम घरातला पंखा ऐकू यायला लागला. तिने कुणाला न विचारता पैसे भरले. खोकं उघडून हरेश्वरने वरचं जाडजूड पुस्तक हातात तोललं आणि म्हणाला, "आता हिशेब शिकून पहिला माझाच हिशेब घेशील." तो हसला, तीही हसली. पण पुस्तकं तिने कपाटात साड्यांच्या वरच्या खणात ठेवली, देवाच्या खालोखाल, आणि पहिल्या दुपारी वही उघडण्याआधी तिने तिला नमस्कार केला. हे एवढं एक आपलं म्हणून व्हावं, बाकी काही मागणं नाही, असं तिने खरोखरच म्हटलं होतं. देव असे शब्द नीट लक्षात ठेवतो की काय कोण जाणे.

दुपारी घरात ती आणि सासरे, कोंडाजी, दोघंच असत. सासूबाई, नीराबाई, भाजीच्या टोपल्या घेऊन बाजारात बसायच्या आणि दिवे लागायच्या सुमाराला यायच्या. कोंडाजींची डावी बाजू गेलेली होती. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, म्हणजे येणारा-जाणारा दिसावा. दिसायचे ते फक्त ट्रेलर. क्रांती त्याच खोलीत जेवणाच्या टेबलावर फोन लावून बसायची. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "समजलं का? बोला," आणि खाटेवरून उत्तर आलं, "व्हय मास्तर." क्रांती दचकली आणि मग इतकी हसली की तिला तो भाग पुन्हा मागे न्यावा लागला. पुन्हा सरांनी विचारलं, पुन्हा खाटेवरून आलं, "व्हय, बोललू ना."

"बाबा, त्यांना ऐकू नाही जात. हे आधीच बोलून ठेवलेलं आहे. गाण्यासारखं."

"माना म्हाईत हाय," कोंडाजी म्हणाले. "पन त्यानी इचारलां ना. हाक आली तं ओ द्यावी लागते."

तिला पुढे हरेश्वरने सांगितलं. मिठागरावर मुकादम लांबच्या बांधावर उभा राहून दर थोड्या वेळाने एकेकाला हाक मारायचा आणि ज्याने त्याने आपल्या वाफ्यातून ओ द्यायची. ओ आली नाही तर समजायचं, माणूस उन्हाने आडवा झाला. सगळे हातातलं टाकून तिकडे धावायचे. बापाची उभी हयात त्यात गेली, हरेश्वर म्हणाला, हाकेला गप्प राहणं त्याला जमायचं नाही. तळ्याकडे शेतात लोक एकमेकांना उगीचच हाका मारतात, वेळ जावा म्हणून, आणि कुणी ओ दिली नाही तर चहाला गेला असेल म्हणतात. क्रांतीला त्या गोष्टीची गंमत वाटली, पण थोडीच.

आणि मग अनंता. सरांच्या प्रत्येक उदाहरणात एक अनंता असायचा. अनंताने भांडवल आणून धंदा सुरू केला, अनंताने उधारीवर माल घेतला, अनंताने दुकानासाठी टेबल घेतलं. कोंडाजींना हा अनंता फार आवडला. तो कुठल्या गावचा, ते त्यांनी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. पेणकडचा असावा, म्हणे, पेणचे लोक धंद्याला बरे. सकाळी क्रांती त्यांचं तोंड पुसायला गेली की विचारायचे, "अनंताचा काय आज?" घसाऱ्याचा पाठ चालू होता, यंत्र कसं वर्षावर्षाला झिजतं आणि त्याची किंमत कशी उतरवत जायची, तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, माजा पन काड एकदा घसारा." बुडीत रकमांचा पाठ आला तेव्हा तर पंचाईत झाली. अनंताचा कुणीतरी देणेकरी दिवाळखोर निघाला आणि सर ते इतक्या थंडपणे सांगत होते की कोंडाजी उजव्या हातावर उठून बसायला लागले. "असा कसा बुरवलान? घरी गेला काय अनंता त्याच्या? जायाला पायजे व्हता." त्यांना शांत करून झोपवण्यात क्रांतीची अर्धी दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी नीराबाईला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली, आणि नीराबाईने टोपल्या उतरवता उतरवता विचारलं, "कोनचा ह्यो अनंता? आपल्यातला काय?"

आता, पनवेलहून परतीच्या बसमध्ये बसलेली असताना, क्रांतीला या सगळ्याचं हसूच येत होतं. हसू येत होतं आणि त्याच्या खाली ते दुसरं पण होतं. बस रिकामी होती. दोन्ही बाजूंना भराव घातलेली जमीन, तिच्यावर कंटेनरांच्या चळती, मध्येच एखादा मिठागराचा तुकडा कसा कोण जाणे राहून गेलेला, पांढऱ्या राशींसकट. तिला वाटायचं की आपण तेव्हा सुखी होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता. असं वाटणं फसवं असतं हेही तिला कळत होतं. तेव्हा ती सुखी बिलकूल नव्हती. ती चिडलेली होती. परीक्षा जवळ आली होती, सराव परीक्षेत ती सपशेल आपटली होती, ताळेबंदाच्या दोन बाजू काही केल्या जुळत नव्हत्या, आणि ऐन जुळायच्या वेळी खाटेवरून हाक यायची. क्रांती, पानी. क्रांती, माना वलव. क्रांती, जायाचा हाय. एकदा उठवून न्यायचं म्हणजे खांद्यावर सगळं ओझं घेऊन मोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं, तोवर डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. परत येऊन बसलं की, "अनंता कुठवर आला?" तिने कधी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. या एका गोष्टीचा तिला पुढे आधार वाटायचा, आणि मग तो आधारही तिला लबाडीचा वाटायला लागला, कारण उलट उत्तर देण्यापेक्षा तिने सोपा मार्ग काढला होता. तिने हरेश्वरला फोन करून सांगितलं, येताना फोनला लावायचे कानातले आण.

लाल वायरचे होते. ते घातले त्या दुपारी कोंडाजी बराच वेळ टेबलाकडे बघत होते. मग म्हणाले, "मास्तर नाय आला आज?" ओठांवरून तिला कळलं. एका कानातलं काढून ती म्हणाली, "आलेत. माझ्या कानात आहेत." ते हसले. कानात मास्तर ही त्यांना मोठी युक्ती वाटली असावी. दोन-तीन दिवस ते विचारत राहिले, अनंताचा काय झाला, आणि ती एक कान मोकळा करून म्हणायची, "चाललंय त्याचं बरं." काय चाललंय, कसं चाललंय, एक वाक्य जास्त सांगायला काही पडत नव्हतं. पण ती सांगायची नाही. मग त्यांनी विचारणं सोडलं. आणि थोड्या दिवसांनी त्यांनी हाक मारणंही सोडलं. पाणी नको, वळव नको, जायचं नाही, काही नाही. खिडकीकडे तोंड करून पडून राहायचे. सगळ्यात वाईट हे की तिला बरं वाटलं. आईला फोनवर तिने सांगितलं, आता बाबा शहाण्यासारखे राहतात. तिच्या दोन बाजू जुळायला लागल्या. त्या दुपारी कशा भराभर जायच्या, एका मागोमाग एक पाठ, आणि खोलीत दुसरं माणूस असल्याचं तिला भानसुद्धा नसायचं.

मग ताप आला. आधी साधा वाटला, मग ते बरळायला लागले, मग पनवेलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिला आणि हरेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं की लघवीचा संसर्ग होता, तो रक्तात पसरला, अंगात पाण्याचा थेंब नव्हता, म्हाताऱ्या माणसांना पाणी पाजत राहावं लागतं. "पाणी तर उशाशी असायचं हो," क्रांती म्हणाली होती. असायचं खरंच. नीराबाई तेव्हा खाली बाकावर बसली होती, तिला फक्त ताप मेंदूत गेला एवढंच सांगितलं. कोंडाजी गेले. दिवस झाले, आणि परीक्षा त्यानंतर लगेचच होती. क्रांती जाणार नव्हती. नीराबाईनेच तिचा डबा भरला, तिच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "जा. त्यानी सांगलाय." त्यात राग होता की मोठेपणा होता ते क्रांतीला कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. ती पास झाली, चांगली पास झाली. गावात पेढे वाटले गेले. पनवेलला अर्ध्या दिवसाची नोकरी लागली, गेल्या महिन्यात पुढच्या परीक्षेची पुस्तकंही आली. आणि सगळा वेळ एकच गोष्ट तिला आतून टोचत राहिली की तो माणूस आपल्यावर रुसून गेला. आपण त्याच्या तोंडावर दार लावलं, आणि त्याने दाराशी तोंड फिरवून घेतलं. रुसवा काढायला आता माणूस नाही. दोन वर्षं ती हे मनात घेऊन कामं करत होती, हसत होती, पूनमला कोर्स घे म्हणून सांगत होती.

घरी आली तेव्हा शेजारची कमळ, जी सकाळभर सासूबाईंजवळ बसायची, चपला घालून तयारच होती. "जेवल्या बघ," ती म्हणाली आणि गेली. नीराबाईचे गुडघे मागच्या पावसाळ्यापासून कामातून गेले होते. बाजार सुटला. कुणीतरी दोन्ही हात धरून उठवल्याशिवाय तिला उभं राहता यायचं नाही. खिडकीपाशी तीच खाट, तिच्यावर ती बसलेली. क्रांतीने जेवून घेतलं, पुस्तक काढलं, कानातले काढले, आणि ते तसेच हातात धरून बसून राहिली. मग उठली आणि सासूच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली.

"आज नाय वाचत?" नीराबाईने विचारलं.

"वाचते. आई, एक विचारू? बाबा माझ्यावर रागावले होते का? शेवटी शेवटी?"

"कोन, तो?" नीराबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुज्यावर? तो कशाला रागवंल गो?"

"मग हाक मारायचे का बंद झाले? बोलायचे बंद झाले. मी कानातले घातले म्हणून त्यांना लागलं असणार."

नीराबाई जराशी हसली. तळ्याच्या माणसाला हे समजावायचं म्हणजे कुठून सुरुवात करावी असा विचार करत असावी. "तुमच्याकरं मीठ नाय, म्हनून तुना म्हाईत नाय. वाफ्यान पानी आटत आला का वर साय येते बघ, दुधावर येते तशी. मीठ धरला, बोलतान त्याला. तवा त्या वाफ्याजवल कोनी जायाचा नाय, पाय टाकायचा नाय, पोरांना बांधावर धावून देत नाय. हाकासुदा लांबूनच. पानी हालला का सगला फुटला, बारीक भुगा होते, कोन घेत नाय तो. तो माना बोलला, नीरा, क्रांतीचा मीठ धरलाय. आता परीक्षा होईपरात तिला हाक मारायची नाय. कोन घरी आला तरी त्यालाच दटवायचा, हलू बोल, पोरगी बसलेय. तू कानान घालून बसलेली, तुना कय ऐकू येतंय."

क्रांतीला दोन वर्षांचा दगड छातीवरून सरकल्यासारखं झालं आणि तिचे डोळे भरून आले. तो रुसला नव्हता. तो तिच्यासाठी गप्प बसला होता. ही एवढी साधी गोष्ट तिने आधी का विचारली नाही. ती सासूच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसली, आणि नीराबाई, बऱ्याच दिवसांनी नवऱ्याविषयी बोलायला मिळालं म्हणून, सुखाने पुढे बोलत राहिली.

"लय धीराचा मानूस. हाक नाय मारायची बोलला तं नाय मारलीन. पानी प्यायचा बंद केलान दुपारचा. पानी पिला का उठावा लागते, उठावा लागला का तुना बोलवावा लागते. मंग सकाली मी बाजारान जायच्या आधी वाईच घोटभर, का मी येईपरात तोंडान थेंब नाय. मी बोललू, अवं ओठ फुटलं तुमचं. तं बोलतो कसा, आगरावर उन्हान कोन पानी घेऊन उभा ऱ्हायचा? सवय हाय माना." तिने पदराने तोंड पुसलं. तिच्या बोलण्यात अभिमान होता, निखळ अभिमान, दुसरं काही नव्हतं. डॉक्टरने काय सांगितलं ते तिला माहीत नव्हतं. क्रांतीला माहीत होतं. खोलीत ते फक्त तिला माहीत होतं, आणि ते या बाईला कधीही सांगता येणार नव्हतं. आपण ज्या दुपारी दोन बाजू जुळवत होतो, त्या दुपारी आपल्या पाठीमागे एक माणूस तहानेला दाबून पडला होता, आपल्या भल्यासाठी, आपल्यावर खूश होऊन. रुसला असता तर बरं झालं असतं, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. रुसलेला माणूस निदान पाणी तरी मागतो.

"तवा तू काय मनान आनू नको," नीराबाई म्हणाली. "आता ह्या परीक्षेचा बघ. तुजा चांगला चाललाय. माना तं त्याच्यापरीस सोपा हाय. सकालचा चा पितंय, कमल हाय तवर काय ता उरकून घेतंय, मंग तुजा वाचून होईपरात कायच लागत नाय माना."

क्रांतीने मान वर केली. सासूचे ओठ तिने आज पहिल्यांदाच पाहिले असावेत. त्यांच्यावर पांढरी पापुद्र्यांची कड आली होती, आणि हनुवटीखालची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहील इतकी कोरडी दिसत होती. "कधीपासून?" तिने विचारलं.

"तुजी पुस्तका आली तवापासून."

ती उठली, आत गेली, माठातून पेला भरून आणला आणि सासूच्या हातात दिला. "प्या."

"आता कशाला? तुजा अभ्यास व्हायचा हाय."

"आई, प्या. मी बसलेय इथे."

"पिला का तुनाच उठवावा लागंल."

"उठवीन ना. दहादा उठवीन. मला परीक्षा नको, तुम्ही प्या."

"येरी हाय का काय तू," नीराबाई प्रेमाने म्हणाली. परीक्षा नको हे तिने ऐकलंच नाही, लेकरं चिडली की बोलतात तसं ते तिला वाटलं असेल. सुनेचं मन राखायला तिने एक घोट घेतला, ओठ पुसले, आणि पेला खिडकीच्या कट्ट्यावर पलीकडे सरकवून ठेवला. "झाला," ती म्हणाली. "जा, वाच आता."